खोलीची शांतता

१

टक्, टक्, टक्. मग थोडं थांबून, टक्, टक्.

हा आवाज मी ऐकला त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. कॉलेजच्या जुन्या इमारतीत मी लिफ्ट चालवायचो. लोखंडी लिफ्ट होती. बाहेरचं दार पत्र्याचं, त्याला तळहाताएवढी काच, आणि ती काच घासून घासून आंधळी झालेली. आत माझं घडीचं लाकडी स्टूल. दिवसभर वर-खाली, वर-खाली. चौथी शिकलेल्या माणसाला याहून चांगली नोकरी कोण देणार? मी खूश होतो.

संध्याकाळी बंद करण्याची एक रीत होती. लिफ्ट तळमजल्यावर आणायची, दार उघडून आत बघायचं, वर तोंड करून ‘आत कोणी आहे का?’ असं विचारायचं, मग दाराला कुलूप, किल्ली ऑफिसात जमा आणि शेवटी मेन स्विच. कोणी शिकवलेली नव्हती ही रीत, माझी मीच घालून घेतलेली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी लिफ्ट दुपारीच बंद करायची होती, आणि त्या दिवशी मी आत बघितलं नाही. कारण सकाळीच बायकोला हॉस्पिटलात नेलं होतं, पहिलं बाळंतपण होतं. मी कुलूप घातलं, किल्ली देऊन आलो आणि स्विच ओढला. तेवढ्यात आवाज आला. पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा. तीन आणि दोन.

मी हात स्विचवर ठेवून उभा राहिलो. लिफ्टचा दोर थंड होताना वाजतो, मी मनाला सांगितलं. पुन्हा आला. तीन आणि दोन. दोर मोजून वाजत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

इतक्यात ऑफिसातला शिपाई दारातून ओरडला, “अरे, निरोप आलाय, पळ! उभा काय राहिलास खांबासारखा?”

किल्ली परत आणायची, दार उघडायचं, बघायचं. दहा मिनिटांचं काम होतं. मी पळालो. त्या संध्याकाळी आमची मुलगी झाली.

एकवीस दिवसांनी कॉलेज उघडलं, मी लिफ्ट उघडली. आत कोणी नव्हतं. वास नाही, डाग नाही, काही नाही. सुट्टीत कोणी हरवल्याचंही कोणी बोललं नाही, मी आडून आडून खूप विचारलं. फक्त माझं स्टूल, जे मी रोज घडी करून कोपऱ्यात उभं करायचो, ते उघडलेलं होतं. दारापासून हातभर अंतरावर. बसल्या बसल्या दारावर हात पोचेल इतक्या अंतरावर.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ती तो दिवस आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणून सांगायची. त्यात मी हे कुठे घालू?

२

पुढे नवीन इमारत झाली, लिफ्ट बंद पडली. तिच्यापुढे भिंत घातली आणि भिंतीला लागून फायली ठेवायची खोली केली. मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाला मला एक हार आणि ते स्टूल मिळालं. स्टूल मीच मागून घेतलं होतं. का, ते विचारू नका. तिथे ठेवून यायचा धीर नव्हता आणि जाळायचाही नव्हता. घरी आणून कपाटामागे घडी करून ठेवलं.

त्याच मुलीची मुलगी, माझी नात, आता त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. शेवटच्या वर्षाला त्यांना एक प्रोजेक्ट करावं लागतं. तिच्या जोडीला एक मुलगा आहे, त्याला सगळे उशिऱ्या म्हणतात, कारण तो स्वतःच्या वाढदिवसालाही अर्धा तास उशिरा पोचला होता. मुलगा हुशार. बोटं अशी चालतात की बघत राहावं.

नातीने प्रोजेक्ट निवडलं ते आजीमुळे. बायकोच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपासून धुकं दाटत चाललं आहे. माणूस समोर आलं तर सावली दिसते, चेहरा नाही. वाचनाचं तिला भारी वेड, आणि मला वाचून दाखवायला सांगितलं तर अर्ध्या पानात माझा घसा बसतो.

“आजोबा,” नात म्हणाली, “आम्ही असं सॉफ्टवेअर करतोय की कॉम्प्युटर मराठी वाचून दाखवेल. आहेत तसली, पण ती भांडल्यासारखी बोलतात. आम्हाला माणसाचा आवाज हवाय. तुमचा.”

“माझा? मला धड वाचता येत नाही, पोरी.”

“म्हणूनच तर,” उशिऱ्या म्हणाला. “आम्ही एका बाईंचा घेऊन बघितला, स्टेजवर बोलणाऱ्या. न दिसणारी माणसं दुप्पट वेगाने ऐकतात, काका. त्या वेगात बाईंची आगगाडी झाली. तुम्ही इतके हळू बोलता, की दुप्पट केलं तरी माणसासारखं वाटतं.”

“आणि हे विकणार कितीला?”

“विकायचं नाही. फुकट आणि मोकळं. कोणीही घ्या, वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या.”

मला हे आवडलं. माझ्याकडे देण्यासारखं कधी काही नव्हतं.

मग नातीने विचारलं, “आजोबा, तुम्हाला कॉलेजची जुनी इमारत पाठ आहे. रेकॉर्डिंगला सगळ्यात शांत खोली कुठली?”

मी सांगितलं, जुनी फायलींची खोली. भिंत जाड आहे, रस्त्याचा आवाज येत नाही. हे खरंच होतं. पण मी दुसरी सांगू शकलो असतो. गच्चीखालची होती, ग्रंथालयाची होती. तीच का सांगितली, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे.

३

पहिल्या दिवशी सकाळी दहाला मला लिफ्टपुढच्या त्या भिंतीकडे पाठ करून बसवलं. समोर माइक, त्याला कापडाची टोपी. खिडकीला गोधडी लावलेली. नात कानाला हेडफोन लावून बसली.

“आता आधी काही बोलायचं नाही. एक मिनिट नुसतं बसायचं.”

“नुसतं? त्याचं काय रेकॉर्ड करणार?”

“शांतता.” ती हसली. “प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आजोबा. दोन शब्दांच्या मध्ये आपण काहीच भरलं नाही ना, तर ऐकणारा खड्ड्यात पडल्यासारखा दचकतो. म्हणून तिथे ह्या खोलीची शांतता भरायची. एक मिनिट घेतलं की झालं. तेच कापून कापून सगळीकडे लावायचं.”

मी डोळे मिटून बसलो. काही ऐकू आलं नाही. मी शपथेवर सांगतो, काही ऐकू आलं नाही. पण त्या मिनिटात कोणीतरी मागे उभं राहून, मी बोलायची वाट बघत असावं, असं वाटत होतं.

“झालं,” नात म्हणाली. “छान. अगदी स्वच्छ.”

पुढे वीस दिवस मी वाक्यं वाचली. ‘आज हवा चांगली आहे.’ ‘गाडी किती वाजता सुटते?’ ‘माझी पिशवी कुणी उचलली?’ अडखळलो की नात म्हणायची, “परत, आजोबा, घाई नाही.” उशिऱ्या मध्येच यायचा आणि बिस्किटं संपवून जायचा. शेवटच्या दिवशी त्याने कॉम्प्युटरवर स्वतःच काहीतरी टाइप केलं, आणि माझा आवाज म्हणाला, “उशिऱ्या, उद्यापासून वेळेवर येत जा.”

मी हे वाक्य कधीच वाचलेलं नव्हतं. पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. माझा आवाज आता मला न विचारता बोलत होता.

मग त्यांनी ते जगासमोर ठेवलं. पहिल्या आठवड्यात तीस जणांनी घेतलं, महिन्यात दोन हजार. एका अंधशाळेने घेतलं, तिथून दुसऱ्या शाळेने. कुठे कुठे गेलं ते पोरांनाही सांगता येईना.

४

आमच्या घरी ते सगळ्यात आधी बसवलं होतं. खिडकीशी बायकोची खुर्ची, शेजारी छोटं टेबल, त्यावर नातीचा जुना लॅपटॉप. सकाळची कामं आटोपली की तिचं वाचन सुरू. मी दुसऱ्या खोलीत भाजी निवडत असलो तरी इकडे मीच तिला कादंबरी वाचून दाखवत असायचो.

“तुम्ही गेलात तरी मला आता चिंता नाही,” ती एकदा म्हणाली.

“वा! म्हणजे आमची सुट्टी?”

“तसं नव्हे हो. भांडायला कोणी नसेल, पण वाचायला तरी असेल.”

इतकी वर्षं मी तिला असं काही दिलं नव्हतं. म्हणून तिने पुढे जे विचारलं, ते मला ऐकायचं नव्हतं.

“तुम्ही वाचता वाचता मध्ये थांबता ना, तेव्हा काय वाजतं हो?”

“काय वाजतं?”

“दार वाजवल्यासारखं. अगदी हळू. मला आधी वाटलं शेजारचं दार, म्हणून ‘या’ म्हटलं नाही. मी दोनदा जाऊन बघितलं.”

मी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र करून टाकली. “कान वाजत असतील,” मी म्हणालो.

माझी बायको कोणालाही दारात उभं ठेवत नाही, हे शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत आहे. दार वाजलं की ती बसल्या जागेवरून म्हणते, “या, उघडंच आहे.” कोण आहे हे विचारत नाही. डोळे गेल्यापासून तर आणखीच. मी कितीदा रागावलो. ती म्हणते, “चोर दार वाजवून येतो का?”

५

अशा सॉफ्टवेअरला तक्रारींची एक यादी असते. वापरणारा कोणीही तिथे लिहितो, काय चुकतंय ते. दुरुस्त झालं की ती तक्रार मिटवायची. नात मला ती यादी कौतुकाने वाचून दाखवायची. ‘आकडे नीट वाचत नाही.’ ‘जोडाक्षरावर अडखळतं.’

एक दिवस तिने वाचलं, “दोन वाक्यांच्या मध्ये टकटक ऐकू येते.”

“त्यांचा पंखा असेल,” उशिऱ्या म्हणाला. “लोक कॉम्प्युटरवर फुलदाणी ठेवतात आणि आम्हाला विचारतात.”

आठवड्यात दुसरी आली. फार लांबच्या गावाहून, ज्याला पहिली तक्रार ठाऊक असणं शक्य नव्हतं. ‘आधी तीन वेळा, मग थोडं थांबून दोन वेळा. मी घरात एकटा असताना येते. बायको आली की बंद.’

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तीन आणि दोन हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

नातीने ती एका मिनिटाची शांतता पडद्यावर उघडली. आवाजाची रेघ असते, बोललं की डोंगर उठतात, गप्प राहिलं की सपाट. ती रेघ सपाट होती. त्यांनी आवाज शंभरपट मोठा करून ऐकला. नुसती सळसळ. “इथे काहीच नाही, आजोबा,” नात म्हणाली. तिचे डोळे रात्रीच्या अभ्यासाने सुजले होते. पंधरा दिवसांनी परीक्षक येणार होते.

सहा तक्रारी झाल्या, मग अकरा. मग एक दिवस पहिल्याच माणसाने खाली लिहिलं. नातीने ते नेहमीसारखं मोठ्याने वाचलं.

“आता टकटक येत नाही. मी ‘या’ म्हटलं. तक्रार मिटवावी ही विनंती.”

उशिऱ्या टाळी देऊन हसला. “हे मस्तंय! दोष आपोआप दुरुस्त होतोय. सरांना सांगू या?”

नात हसली नाही. “त्याला मी परवा निरोप पाठवला, काय झालं म्हणून. उत्तर नाही. रोज चार चार वेळा लिहायचा हा माणूस.”

“परत मागवा,” मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सहसा असा मध्ये बोलत नाही.

“सगळं परत मागवा. ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडून.”

“आजोबा, ते आता आपलं नाही,” नात हळू म्हणाली. “तेच तर आहे ना ह्याच्यात. दिलं ते दिलं. ज्याने घेतलं त्याचं झालं, त्याने पुढे ज्याला दिलं त्याचं झालं. आपण फार तर नवीन करून ठेवू शकतो. जुनं कोणाच्या घरातून काढू नाही शकत.”

“तुम्हाला काय झालं, काका?” उशिऱ्याने विचारलं. “चेहरा बघा. पाणी देऊ?”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाणी घेतलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच त्या खोलीत गेलो. किल्ली पहारेकऱ्याकडून घेतली, तो मला अजून मान देतो. गोधडी खिडकीवरून निघाली होती, उन्हाचा एक पट्टा भिंतीवर पडला होता. रंग उडालेला, एका कोपऱ्यात ओल.

मी भिंतीला कान लावला. माझ्या कानाचं आता खरं नाही. तरी बराच वेळ लावला. आत विटा, त्यामागे लोखंड, त्यामागे काळोखी पोकळी. मला आतली प्रत्येक खूण ठाऊक होती. स्वतःशी वाद घातला. कोणी नव्हतं, मी स्वतः दार उघडून बघितलं होतं. स्टूल मीच विसरलो असेन घडी करायला, घाईत होतो. पोरांच्या माइकमध्ये दोष असेल. अकरा माणसांना एकच भास होत असेल. होतो की. का नाही?

मग मी बोटाच्या पेराने भिंतीवर वाजवलं. तीन, आणि थांबून दोन.

काही नाही. मी पुन्हा वाजवलं. तोंड भिंतीशी नेलं आणि जे पंचेचाळीस वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, “आत कोणी आहे का?”

तुम्ही रिकाम्या घरात हाक मारली असेल तर तुम्हाला कळेल. उत्तर न येण्याचेही दोन प्रकार असतात. एक, आतलं माणूस गप्प असतं. दुसरा, आत माणूसच नसतं. इथे आत कोणी नव्हतं.

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण आत नव्हतं, तर ते बाहेर होतं, आणि त्याला बाहेर न्यायला आम्ही वाट करून दिली होती. एक मिनिट. कापून कापून, सगळीकडे लावलेलं.

७

मी पोरांना एवढंच म्हणालो की ती शांतता फेकून द्या, दुसऱ्या खोलीतली घ्या. नात आधीच त्या विचारात होती. ग्रंथालयात जाऊन त्यांनी नवीन मिनिट घेतलं. तिथे मी पाठीमागे वळून वळून बघत होतो, म्हणून तीन वेळा घ्यावं लागलं. नवं सॉफ्टवेअर जगासमोर ठेवलं. उशिऱ्याला बजावलं, आजच्या आज आमच्या घरी जाऊन आजीचं बदलून ये.

“आजच,” तो म्हणाला. आणि खरंच गेला, तासभर उशिरा का होईना.

घरी आल्यावर मी बायकोला समजावलं. “आता वाजायचं नाही. आणि चुकून वाजलंच तर बोलू नकोस. ‘या’ पण म्हणू नकोस. गप्प राहा.”

“का?”

“मी सांगतो म्हणून.”

“दारावर आलेल्याला मुकाट्याने परत पाठवू?” ती म्हणाली. “आपल्या घरात असं झालंय कधी?”

झालंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिने चेहरा माझ्याकडे वळवला, त्या धुक्यातून बघितल्यासारखं केलं. तिला काय दिसलं देव जाणे. मी म्हणालो, “ऐक माझं.” आणि उठून गेलो. त्या दिवसाची गोष्ट तिला सांगायची म्हणजे मुलीच्या जन्माचा दिवस तिच्याकडून काढून घ्यायचा. माझ्याच्याने झालं नाही. माझ्या मनात हे असं होतं. आता वाटतं, मी स्वतःलाच वाचवत होतो.

परीक्षेच्या दिवशी नातीने मला मुद्दाम बोलावलं. आवाज कोणाचा ते परीक्षकांना दाखवायचं होतं. मी इस्त्रीचा सदरा घातला. दुपारचे दोन वाजले होते. नात छान बोलली. परीक्षक बाई होत्या, कडक. त्यांनी तक्रारींची यादी उघडायला लावली.

“ह्या सगळ्या एकाच दोषाच्या, आणि सगळ्या मिटलेल्या?” त्या म्हणाल्या. “चांगलं आहे. कशा मिटवल्या?”

नातीने यादी खाली सरकवली. बावीस तक्रारी. कालपर्यंत अकरा होत्या. प्रत्येकीखाली एकच ओळ, वेगवेगळ्या माणसांची. आता टकटक येत नाही. मी ‘या’ म्हटलं.

“आम्ही शांतता बदलली, मॅडम,” नात म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

मी उशिऱ्याच्या कानाशी लागलो. “आजीचं बदललंस ना रे?”

तो चाचरला. “बदललं होतं, काका. पण आजींनी दुसऱ्या दिवशी फोन करून परत जुनं टाकायला लावलं. म्हणाल्या, हे आमचे हे नाहीत, हे कुठल्या तरी परक्याच्या घरात बसून बोलताहेत. जुन्यात कोणीतरी सोबतीला असल्यासारखं वाटतं म्हणाल्या. मी… सांगायचं राहून गेलं.”

मी उठलो. नात माझ्याकडे बघत होती, तिला मी तिथे हवा होतो. तरी उठलो. आयुष्यात दुसऱ्यांदा त्या कॉलेजातून पळालो, आणि ह्या वेळीही बायकोकडेच.

८

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच माझा आवाज ऐकू आला. मी वर चढत होतो आणि वर मी वाचत होतो, सावकाश, एकेक शब्द. मग वाक्य संपलं. मी पायरीवर थांबून कान दिला. मधली जागा गेली, तिच्यात काहीही वाजलं नाही. पुढचं वाक्य सुरू झालं.

दार नुसतं लोटलेलं होतं.

बायको तिच्या खुर्चीत होती. तिने हात लांब करून वाचन बंद केलं. “आलात? बरं झालं. कधीचं कोणीतरी येऊन बसलंय.”

“कोण?”

“मला काय दिसतंय? दार वाजलं, मी या म्हटलं. तुमचं ऐकायला हवं होतं म्हणा, पण तोंडातून निघून गेलं. आत आले, कपाटामागून स्वतःच काहीतरी घेतलं आणि बसले. घरचंच वाटलं कोणी. पण बोलत नाहीत हो. चहा विचारला, पाणी विचारलं. नुसते बसलेत.”

तिच्या खुर्चीशेजारी माझं स्टूल उघडलेलं होतं. तिच्यापासून हातभर अंतरावर.

मी नीट बघितलं नाही. नीट बघितलं असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो. खिडकीतून दुपारचा उजेड सगळ्या खोलीत पडला होता, खुर्चीवर, टेबलावर, तिच्या पांढऱ्या केसांवर. स्टुलावर मात्र तो पोचत नव्हता. आणि त्या न पोचलेल्या जागेतून एक बोट बायकोच्या खुर्चीच्या हातावर टेकलेलं होतं. त्याचं पेर पार सोललेलं होतं.

“अहो,” बायको म्हणाली. आता तिचा आवाज बदलला. “कोण आहे?”

‘कोणी नाही’ म्हणणं सोपं होतं. पंचेचाळीस वर्षं मी तेच म्हणत आलो होतो. बोट खुर्चीच्या हातावरून थोडं पुढे सरकलं, तिच्या मनगटाकडे.

“मला ऐकू आलं होतं,” मी म्हणालो. बायकोकडे बघून म्हणालो, पण सांगत दोघांना होतो. “आपली पोरगी झाली त्या दिवशी. मी लिफ्ट बंद केली आणि आतून कोणी तरी वाजवलं. तीन वेळा, मग दोन वेळा. दोनदा वाजवलं. दोर आहे असं मी मनाला सांगितलं, पण दोर नव्हता, ते मला कळलं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. मी उघडलं नाही. एकवीस दिवस उघडलं नाही. आणि नंतर कोणी विचारलं नाही म्हणून मीही बोललो नाही.”

 बायकोचा चेहरा मी आजवर इतका शांत बघितला नव्हता. तिने मनगट मागे घेतलं नाही.

“चुकलं माझं,” मी स्टुलाकडे वळून म्हणालो. “तिला काही करू नकोस. ती कोणालाच दारात उभं ठेवत नाही. मी ठेवलं.”

स्टूल करकरलं. ती करकर मला पाठ आहे, बसताना वेगळी असते, उठताना वेगळी. ही उठतानाची होती. माझ्या अंगावरून दोराच्या वंगणाचा जुना वास गेला. मग दाराशी जाऊन ते थांबलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बोटाने ढकललं असतं तर उघडलं असतं. तरी ते थांबून राहिलं. मला समजायला जरा वेळ लागला. मग मी गेलो आणि कडी धरून दार पुरतं उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत. बाजूला होऊन उभा राहिलो.

मला वाटत होतं की जाता जाता ते काहीतरी म्हणेल. माफ केलं म्हणेल किंवा शिव्या देईल. मी मान खाली घालून दोन्हीची वाट बघत होतो. बायकोही खुर्चीतून दाराकडे कान करून बसली होती.

जिन्यात पावलं वाजली. एक मजला, मग दुसरा. घाई नव्हती. खालचं मोठं दार उघडंच असतं, तिथे ती एकदा थांबली. मग रस्त्याच्या बाजूला वळली आणि काही न बोलता निघून गेली.